होमानंतरची वाम

आत्याने मालवणात एकतीस वर्षं खानावळ चालवली, त्यामुळे तिला कुठल्याही हॉटेलात नुसतं गिऱ्हाईक होऊन बसता येत नाही. पाण्याचा ग्लास ती आधी उजेडाकडे धरते. वाढणाऱ्या पोराची नखं बघते. भात आला की एक शीत बोटांत चेपते आणि मान हलवते. ती मान कौतुकाने हलली की कीव येऊन, हे तिच्याबरोबर चार वेळा जेवल्याशिवाय कळत नाही. गेल्या वर्षी ती महिनाभर आमच्याकडे टोकियोला होती, तेव्हा मी तिला जेवायला बाहेर न्यायचं शक्यतो टाळत असे.

आम्ही राहतो निशी-कासाईत. इथे इतके भारतीय आहेत, की पहिल्या दिवशी तिला हिंग मिळाला, दुसऱ्या दिवशी कढीपत्ता, आणि तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबू, जपान खय आसा?" दह्यावर मात्र तिचं आमच्या घराशी जमेना. दुकानातल्या डब्यातलं दही चाखून ती म्हणाली, "ह्या दही न्हय, खळ आसा." मग तिने कोमट दुधात मिरच्यांचे देठ टाकून दोन दिवसांत स्वतःचं विरजण उभं केलं. त्या दिवसापासून फ्रिजच्या वरच्या फळीवर एक स्टीलची वाटी कायम झाकलेली असे. जायच्या आदल्या रात्री ती आम्हा तिघांना समोर बसवून म्हणाली, "वाटी कधी उपडी घालू नकात. तळाक चमचोभर ठेवचा."

दुसऱ्या दिवशी तिचं विमान संध्याकाळी नारिताहून होतं. नारिता म्हणजे आपल्याला विमानतळ. पण विमानतळापासून ट्रेनने दहाएक मिनिटांवर नारिता नावाचं जुनं गावही आहे, आणि ते गाव उभं राहिलं देवळामुळे. सकाळीच निघून बॅगा स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाकायच्या, देऊळ बघायचं, जेवायचं आणि मग विमानतळ गाठायचा, असा बेत केला. जेवायचं कुठे ते मी तिला सांगितलं नव्हतं.

स्टेशनापासून देवळापर्यंतचा रस्ता जुना आहे, साधारण आठशे मीटर. आधी सरळ जातो, मग वळण घेत उताराला लागतो. क्षेत्राच्या कुठल्याही गावात देवळाकडे जाणारा बाजार असतो तसाच. आपल्याकडे पेढे, बुक्का, तुळशीच्या माळा. इथे तांदळाच्या भाजक्या पापड्या, गोडसर वड्या, भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे, कारण नारिता ज्या चिबा प्रांतात आहे तिथेच जपानचा बहुतेक शेंगदाणा पिकतो. एका दुकानात तेप्पोझुके नावाचं लोणचं होतं: काकडीच्या जातीचं फळ पोखरून आत मिरची भरायची आणि सोया सॉसमध्ये मुरवायचं. आत्याने नमुन्याची चकती तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि दोन पाकिटं घेतली. जपानात आल्यापासून तिने आपण होऊन विकत घेतलेली ही पहिली वस्तू.

देवळाचं नाव नारितासान शिन्शोजी. स्थापना ९४० सालची. ताइरा नो मासाकादो नावाच्या सरदाराने बंड केलं, ते शमावं म्हणून क्योतोहून एका भिक्षूला मूर्तीसह इकडे पाठवलं, त्याने होम केला, आणि बंड मोडलं अशी कथा. ती मूर्ती खुद्द कूकाईने घडवली असं मानतात. कूकाई म्हणजे शिंगोन पंथाचा संस्थापक, नवव्या शतकात चीनहून तंत्रमार्गी बौद्ध धर्म घेऊन परतलेला. मूर्ती फुदो म्योओची. फुदो म्हणजे न हलणारा. हा आपला अचलनाथ. एका हातात खड्ग, एका हातात पाश, मागे ज्वाळा, चेहरा रागीट. आत्या म्हणाली, "हो वेतोबासारखो दिसता," आणि हात जोडले.

देवळात दिवसातून अनेकदा 'गोमा' होतो. गोमा म्हणजे होम. आपला शब्द चीनमार्गे जाताना घासून घासून गोमा झाला. मुख्य सभागृहात चटयांवर बसायचं, समोर वेदी, वेदीवर समिधा. मोठ्या ढोलाचा पहिला ठोका पडतो तेव्हा छातीत काहीतरी हलतं. मग भिक्षूंचं पठण. मी सात वर्षं जपानात राहून ते ऐकलं होतं आणि ते जपानी समजत होतो. आत्याने माझ्या दंडाला हात लावला. "नमः म्हणता तो." खरंच. 'नोमाकु सानमांदा' म्हणजे 'नमः समन्त'. पुढचं 'बाझारादा' म्हणजे वज्र. अकराशे वर्षं जपानी जिभेवर राहिलेलं संस्कृत तिने मालवणी कानाने ओळखलं, आणि मी बघत राहिलो.

होम संपत आला की लोक आपापल्या पिशव्या, पर्सा घेऊन पुढे रांग लावतात. भिक्षू ती वस्तू हातात घेऊन होमाच्या आगीवर धरतो आणि परत देतो. आत्याने आपली काळी पर्स दिली. परत मिळाल्यावर ती तिने गालाला लावून बघितली. कोमट होती.

बाहेर आलो आणि मी म्हणालो, आता जेवायला वाम.

आत्या थांबली. "देवाक जावन मगे मासो?"

तिचा वार नव्हता. सोमवार असता तर गोष्टच संपली होती. पण होमाचा धूर अजून पदराला होता. मी सांगितलं की इथे रीतच तशी आहे. टोकियोचं नाव एदो होतं तेव्हापासून लोक साठ-सत्तर किलोमीटर चालत या देवाला येत. काबुकीतला पहिला इचिकावा दान्जूरो या देवाचा भक्त. नवसाने मुलगा झाला म्हणून त्याने फुदोची भूमिका रंगमंचावर आणली, आणि त्या घराण्याला आजही 'नारिताया' म्हणतात. नटाच्या मागे एदो लोटलं. थकून आलेल्या माणसाला अंगात बळ येईल असं काही द्यायचं, तर जवळच इन्बाचं दलदलीचं तळं आणि तोने नदी, दोन्हींत वाम. झालं. देवळाचा रस्ता वामीचा रस्ता झाला. उलट काही गावांत वाम मुळीच खात नाहीत, कारण ती आकाशगर्भ बोधिसत्त्वाची दूत मानतात. देव कोणता त्यावर सगळं. आत्याने थोडा विचार केला. "आमच्याकडे पण देवाक कोंबो चलता," ती म्हणाली आणि चालू लागली.

दुकान दिसण्याआधी वास येतो. कावातोयो, स्थापना मेइजी ४३, म्हणजे १९१०. लाकडी जुनी इमारत, आणि रस्त्याला लागून पुढचा भाग सगळा उघडा. तिथे एका जाड, झिजलेल्या लाकडी पाटाशी कारागीर ओळीने बसतात आणि रस्त्यावरच्या माणसासमोर जिवंत वाम चिरतात. कुठे पडदा नाही, काच नाही. शेजारी पाण्याच्या बादल्या, त्यांत काळसर चकाकती गुंतवळ.

इथे एक खुलासा. आपण नदीतल्या ज्या काटेरी पाठीच्या माशाला वाम म्हणतो ती खरं तर वेगळी जात, आणि समुद्रातली वाम आणखी वेगळी. जपानची उनागी म्हणजे अँग्विला. त्या कुळातला मासा आपल्या नद्यांतही आहे, घाटावर त्याला अहिर म्हणतात. पण लेखभर उनागी-उनागी करण्यापेक्षा मी वामच म्हणतो. आत्यानेही तेच म्हटलं.

आम्ही त्या पाटासमोर किती वेळ उभे होतो कोण जाणे. कारागीर बादलीत हात घालतो, एक वाम उचलतो, पाटावर आडवी टाकतो आणि डोक्याजवळ एक टोकदार खिळा ठोकून तिला जागच्या जागी बसवतो. मग मानेपाशी सुरी टेकते आणि पाठीवरून शेपटीपर्यंत एका ओढीत जाते. वाम पुस्तकासारखी उघडते. आतडी बाजूला, मधला काटा एका सरळ खरवडीत बाजूला. आपण श्वास सोडतो तोवर पुढची. काप निघाला तरी धड वळवळत असतं. शेजारी एक गोरं कुटुंब होतं, त्यातल्या मुलाने तोंड फिरवलं. आत्या मात्र पाटावर वाकायच्या बेतात.

"राख नाय लावणत," ती पुटपुटली. तिच्याकडे वामीला राख चोळल्याशिवाय आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, कोणी घेत नसे. हातातून सुटते. इथे राख नाही, फडकं नाही, नुसता तो खिळा. "बघ मरे, हात बघ तेचो. घाई नाय आणि येळ पण नाय."

मी तिला माझ्या जपानी सहकाऱ्याने शिकवलेली म्हण सांगितली: सळया टोचायला तीन वर्षं, चिरायला आठ, भाजायला जन्म. आत्याने लगेच विचारलं, "आणि गल्ल्यार बसाक?"

गल्ला दाराशीच होता. आधी पैसे, मग नंबरची चिठ्ठी. "पैशे आदी घेतत? शाणे आसत." आणि मला हात आडवा लावून तिने स्वतःची पर्स काढली. होमावरून आलेले पैसे, ती म्हणाली, पयले हयच जाव देत. दोघांच्या जेवणाचा आकडा मी तिला रुपयांत करून सांगितला नाही. तेवढ्या पैशांत तिच्या खानावळीत, तिच्या काळात, एक माणूस महिनाभर दोन वेळ जेवला असता.

नंबर यायला पाऊण तास होता. पण ते थांबणं वाया गेलं असं म्हणवत नाही, कारण वाम बनताना सगळी समोर दिसते. टोकियो बाजूची रीत अशी: पाठीतून चिरायची, बांबूच्या सळया टोचायच्या, आधी नुसती भाजायची, मग वाफवायची, मग सॉसमध्ये बुडवून पुन्हा निखाऱ्यावर, पुन्हा बुडवून पुन्हा निखाऱ्यावर. ओसाका बाजूला पोटातून चिरतात, लोखंडी सळया वापरतात आणि वाफवत नाहीत, त्यामुळे तिथली वाम जरा चिवट, कुरकुरीत. पाठ की पोट यामागे एक गोष्ट हमखास सांगतात. एदो सामुराईंचं शहर, पोट फाडणं म्हणजे हाराकिरी, म्हणून तिकडे पाठ. ओसाका व्यापाऱ्यांचं, ते पोट उघडून मोकळेपणी बोलणारे, म्हणून पोट. मला ही गोष्ट जरा जास्तच घोटीव वाटते. वाफवल्यावर वाम इतकी मऊ होते, की पोटाचा पातळ भाग कडेला आला तर सळईवरून गळून पडेल. पाठीतून चिरली की जाड मांस कडेला येतं आणि सळई धरून राहते. आत्याला हे कारण सांगावंच लागलं नाही. वाफेच्या भांड्यातून बाहेर आलेला तुकडा कसा थरथरतोय ते तिने बघितलं होतं.

वाम कच्ची सहसा देत नाहीत, हे तिने विचारलं म्हणून सांगतो. जपान्यांना कच्चं काय चालत नाही! पण वामीच्या रक्तात विष असतं, शिजवल्यावर जातं.

आत चटयांवर बुटकी टेबलं. मला पाय मुडपून बसायला अजून जमत नाही, मी एका कुशीवर कलतो. आत्या मात्र मांडी घालून अशी बसली, की शेजारच्या जपानी आजीबाईंनी तिच्याकडे बघून हसून मान लववली. आत्यानेही लववली. दोघी बराच वेळ एकमेकींना मान लववत होत्या.

मग तो डबा आला. काळा-तांबडा, लाखेचा, चौकोनी, वर झाकण. सोबत वामीच्या काळजाचं नितळ सूप. झाकण काढलं की आधी वाफ, मग सोया आणि जळक्या साखरेचा वास, मग तपकिरी चकाकणारे दोन तुकडे भातावर आडवे. आत्याने कडेचं एक शीत काढलं, बोटांत चेपलं, आणि मान हलवली. मी आता ती मान ओळखतो. पास.

तुकडा चॉपस्टिकने तुटतो, दातांची गरज नाही. कातडीसुद्धा विरघळते. गोड, खारट, तेलकट, आणि शेवटी निखाऱ्याचा कडवट धागा. आत्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "गोड आसा. बरा आसा, पण गोड आसा." मी टेबलावरची बारीक कुपी तिच्यापुढे सरकवली. हिरवट पूड. तिने चिमूटभर घातली, घास घेतला, आणि तिचा हात हवेतच राहिला.

"बाबू. ह्यां तिरफळ."

तिरफळच. म्हणजे सख्खं नव्हे, चुलत. जपानी सानशो आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं. दोन्हींत आतली काळी बी टाकून द्यायची आणि वरचं साल ठेवायचं. दोन्ही जिभेला तिखट लागत नाहीत, मुंग्या आणतात. आपण ती बांगड्याच्या तिखल्यात, तारल्यात शेवटी ठेचून घालतो, कारण तेलकट माशाचा उग्रपणा तीच मोडते. इथे तेलकट वामीवर तेच काम. मालवण आणि नारिता यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. तेलकट माशाने दोघांनाही एकाच झाडापाशी नेलं. आत्याने मग तिची सगळी वाम त्या पुडीत न्हाऊ घातली. शेजारच्या आजीबाई थोड्या धास्तावल्या.

पोट थोडं भरल्यावर तिचा धंद्याचा प्रश्न आला: रस कसा करतात? त्या सॉसला 'तारे' म्हणतात. सोया सॉस आणि मिरिन, म्हणजे गोड तांदळाची दारू, बस. काही ठिकाणी साखर. पण खरी गोष्ट प्रमाणाची नाही, मडक्याची. भाजलेली वाम त्या मडक्यातच बुडवतात. दिवसभरात शेकडो तुकडे त्यात बुडतात, त्यांची चरबी आणि करपट त्यात उतरते, सॉस कमी होतो. तेवढाच नवा करून त्याच मडक्यात ओततात. गाळतात, तापवतात, पण मडकं रिकामं करत नाहीत. जुन्या दुकानांचा जीव त्या मडक्यात असतो. टोकियोतल्या म्हाताऱ्या दुकानदारांकडे १९२३ च्या भूकंपाची नाहीतर १९४५ च्या बॉम्बवर्षावाची गोष्ट ठरलेली असते: घर जळत होतं, आजोबा मडकं घेऊन पळाले. पैसे नव्हे, दागिने नव्हेत, मडकं.

मी संगणकाचा माणूस. मला हे ऐकल्यापासून एक गणित छळत होतं, ते मी आत्याला सांगितलं. रोज मडक्यातला दहावा भाग संपतो आणि तेवढाच नवा पडतो असं धर. शंभर दिवसांनी आजच्या सॉसपैकी किती उरेल? सदतीस हजारांत जेमतेम एक भाग. म्हणजे शंभर वर्षांचा म्हणतात तो सॉस खरं तर तीन महिन्यांचा. बाकी श्रद्धा.

आत्याने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "विरजणाचा पण गणित कर मगे. माझ्या आयेच्या दह्यातला किती उरला आसतला माझ्या वाटयेत? काय नाय. पण तां तिचाच न्हय?" मग सूपाचा घोट घेऊन म्हणाली, "मडक्यात काय आसा ह्या कोण इचारता? मडक्या उपडा घालूक नाय, इतक्याच."

विरजणात जिवाणू जिवंत असतात आणि तारेत नसतात, हे मी बोललो नाही. तिला कळलं असतं, पण मुद्दा तो नव्हता.

तिची खानावळ बंद झाली तेव्हा मी इथेच होतो. गुडघे गेले, मुलगा पुण्यात नोकरीला, सून डॉक्टर. कोणाचीच चूक नाही. मोठे टोप घासून, पुसून, उपडे घालून माळ्यावर टाकले, एवढंच तिने तेव्हा फोनवर सांगितलं होतं आणि मग माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली होती. मसाल्याचं प्रमाण कुणी लिहून घेतलं नाही. मी तरी कुठे घेतलं?

"हे खयचे?" तिने डब्यातल्या शेवटच्या तुकड्याकडे बोट केलं. "तळ्यातले?"

हो, म्हटलं, तळ्यातले. जपानात खाल्ली जाणारी बहुतेक वाम आता पाळलेली. "मगे बऱ्या." नाही, आत्या, तिथेच गोम आहे. पाळतात ती पिल्लं समुद्रातून पकडून आणलेली. थंडीत नदीच्या मुखाशी काचेसारखी आरपार, बोटभर पिल्लं येतात, ती रात्री दिवे लावून जाळ्यात धरतात आणि तळ्यात वाढवतात. अंड्यापासून वाम वाढवणं प्रयोगशाळेत जमलं आहे. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी पाळीव वामीची पुढची पिढीसुद्धा काढून दाखवली. पण बाजाराला पुरेल एवढं आणि परवडेल असं अजून नाही. या दुकानात चिरली जाणारी प्रत्येक वाम कुठल्यातरी रानटी आईची.

"आणि ती पिल्लां खय घालता?"

या प्रश्नाला माणूस हजारो वर्षं अडला. वाम नदीत दिसते, तळ्यात दिसते, पण अंडी घातलेली कुणी बघितली नाही. जपानी वामीची अंडी सापडली ती २००९ च्या मे महिन्यात, प्राध्यापक त्सुकामोतो यांच्या चमूला. मारियाना बेटांच्या पश्चिमेला, जपानपासून दोन हजार किलोमीटरहून दूर, खोल समुद्रात, अमावस्येच्या सुमाराला. किती? एकतीस अंडी. प्रत्येक दीड मिलिमीटरच्या आसपास. त्यासाठी त्यांनी कितीतरी वर्षं जहाजं फिरवली होती. वाम आयुष्यात एकदाच तिथे जाते, अंडी घालते आणि मरते. पिल्लं पानासारखी चपटी होऊन प्रवाहावर तरंगत परत जपानच्या किनाऱ्याला लागतात.

आत्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "इतक्या लांब."

आणि आता कमी येतात, मी म्हणालो. १९६० च्या दशकात जपानच्या किनाऱ्यावर काचेच्या पिल्लांची पकड दोनशे टनांच्या वर जात असे. आता वीस टनांच्या आत, एखाद्या वर्षी दहाच्याही खाली. नद्यांचे काठ काँक्रीटचे झाले, बंधारे झाले, समुद्राचे प्रवाह बदलतायत, आणि पकड तर होतेच. २०१३ साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत. काही प्रांतांनी शरद ऋतूत समुद्राकडे निघालेली मोठी वाम पकडायला बंदी केली आहे.

"गाभोळेची असतली ती. सोडूक व्हयीच." जून-जुलै होडी पाण्यात घालायची नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. "मगे हे खातत कधी जास्ती?"

भर उन्हाळ्यात, जुलैच्या अखेरीस. 'बैलाचा दिवस' म्हणून एक तिथी येते, त्या दिवशी अख्खं जपान वाम खातं. अठराव्या शतकात हिरागा गेन्नाई नावाचा एक हरहुन्नरी विद्वान होता. उन्हाळ्यात धंदा बसलेल्या वामीवाल्याला त्याने दारावर पाटी लावायला सांगितली, आज बैलाचा दिवस, आणि गिऱ्हाईक लोटलं, अशी आख्यायिका. खरी चरबी वामीला चढते ती थंडीच्या तोंडाशी. उन्हाळ्यात ती त्या मानाने बारीकच.

आत्या मोठ्याने हसली. "म्हणजे श्रावणात कोंबडी खपवल्यान तेणी!"

गेन्नाईवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. आठव्या शतकातला कवी ओतोमो नो याकामोची आपल्या एका काटकुळ्या मित्राला चिडवतो: उन्हाळ्यात वाळणाऱ्याला वाम चांगली म्हणतात, धर आणि खा. आणि पुढच्याच कवितेत: वाळलास तरी जिवंत आहेस ते बरं, वाम धरायला जाऊन नदीत वाहून जाऊ नकोस. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीची मस्करी. तेव्हा वाम हवी असेल तर माणसाने स्वतः नदीत उतरायचं असे, आणि वाहून जायची भीती माणसाला होती.

आमचे डबे रिकामे झाले. आत्याने सवयीने भाताचं शेवटचं शीतही टिपलं. बाहेर पडताना ती पुन्हा त्या पाटापाशी थांबली. दुपारची गर्दी सरली होती, पण हात चालूच होते. बादल्यांतली गुंतवळ सकाळपेक्षा कमी झाली होती. एक तरुण मुलगी, विशीतली असेल, ज्येष्ठ कारागिराच्या शेजारी बसून सळया टोचत होती. कातडी आणि मांस यांच्या मधून, तिरकी न जाता. तिची एक सळई चुकली. म्हाताऱ्याने न बोलता ती काढून तिच्या हातात परत दिली. जपानात वामीच्या धंद्यातले लोक मारलेल्या वामींसाठी प्रार्थनाही करतात, असं मी आत्याला सांगत होतो, पण तिचं लक्ष त्या मुलीच्या बोटांवर होतं.

"तीन वर्सां टोचूक, न्हय?"

"हो. मग आठ चिरायला."

"मगे हिची भाजूची पाळी येयसर..." ती एवढंच म्हणाली आणि बादलीकडे बघितलं.

रस्त्यावर एका दुकानातून तिने सानशोची पूड घेतली, तीन कुप्या. मी म्हणालो, तुझ्या परड्यात तिरफळाचं झाड आहे की. "आसा. पण शेजारणीक दाखवूक व्हया मा, की तेंच्याकडे पण आसा."

विमानतळावर तिच्या हातातल्या पिशवीतून तेप्पोझुके, सानशो आणि माझ्या मुलीने काढलेलं चित्र निघालं. तपासणीवाल्या बाईंनी लोणच्याचं पाकीट वर धरून बराच वेळ बघितलं, मग सोडलं. आत शिरताना आत्या वळली नाही. ती कधीच वळत नाही.

घरी पोचायला साडेनऊ झाले. माझे कपडे अजून धुराचे वास मारत होते, कुठला होमाचा आणि कुठला कोळशाचा ते सांगता येत नव्हतं. बायको फोनवर होती. मी पाणी प्यायला फ्रिज उघडला. वरची फळी रिकामी.

नऊ वर्षांची मुलगी टेबलावर गृहपाठ करत होती. तिने मान वर केली आणि शाबासकीची वाट बघत म्हणाली, "आज्जीचं दही मी सगळं संपवलं, बाबा. आणि वाटी धुऊन पण ठेवली."

सिंकशेजारच्या जाळीवर ती होती. स्वच्छ घासलेली, निथळायला उपडी घातलेली.